घरच्या वर्कबेंचसाठी १० मेगाहर्ट्झचा रेफरन्स: सोलापूरच्या उन्हात आणि वीज जाण्या-येण्यात काय टिकेल?

प्रश्न: जुळे सोलापूरकर

सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापुरातील घराच्या वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली असलेल्या खोलीत माझे वर्कबेंच आहे. त्यावर एक जुना आठ अंकी फ्रिक्वेन्सी काउंटर, अलीकडे घेतलेला फंक्शन जनरेटर आणि शंभर मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप आहे. जनरेटरवर १० मेगाहर्ट्झ लावले की काउंटर १,००,००,०८६ हर्ट्झ दाखवतो. म्हणजे दोघांत ८.६ पीपीएमचा (दहा लाखांत ८.६ इतका) फरक आहे, आणि दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवण्याचे कोणतेही साधन माझ्यापाशी नाही. शिवाय पहाटेचे वाचन आणि दुपारी तीनचे वाचन यांत वीस-तीस हर्ट्झचा फरक पडतो आणि उन्हाळा लागल्यापासून तो वाढला आहे.

दोन्ही उपकरणांच्या मागे १० मेगाहर्ट्झचा बाह्य रेफरन्स, म्हणजे बाहेरून दिलेला प्रमाण संकेत, घेण्याची सोय आहे. त्यामुळे दोघांना एकाच विश्वासार्ह ऑसिलेटरवर चालवावे असा विचार आहे. खर्च पंधरा हजारांच्या आत ठेवायचा आहे. जुना ओव्हन ऑसिलेटर (क्रिस्टल कायम एका तापमानावर गरम ठेवणारा), जीपीएसने बांधलेला ऑसिलेटर आणि दूरसंचार यंत्रणेतून निघालेले रुबिडियमचे आण्विक घड्याळ असे तीन मार्ग वाचनात आले. त्याखेरीज काही जण असे सांगतात की नव्या जीपीएस मॉड्यूलच्या टाइमपल्स (ठरावीक वेळेचे स्पंद देणाऱ्या) पिनवर थेट १० मेगाहर्ट्झ मागता येतात. तसे असेल तर ओव्हन ऑसिलेटरचा खटाटोप कशासाठी करावा, हे समजून घ्यायचे आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज वारंवार जाते, हेही उत्तर देताना लक्षात घ्यावे, ही विनंती.

प्रतिसाद १: एक्स्चेंजवाला

आपण दिलेल्या आकड्यांत दोन निराळे दोष एकत्र आले आहेत आणि ते आधी वेगळे करायला हवेत. ८.६ पीपीएमचा जो कायमचा फरक आहे तो काउंटरमधील ट्रिमर फिरवून शून्यावर आणता येतो, मात्र त्यासाठी खरे १० मेगाहर्ट्झ कोणते हे माहीत हवे. दिवसभरात पडणारा दोन-तीन पीपीएमचा फरक ट्रिमरने जात नाही, कारण तो क्रिस्टलच्या तापमानाशी असलेल्या नात्यातून येतो. साध्या काउंटरमध्ये बहुधा एटी कट (ठरावीक कोनात कापलेला) क्रिस्टल असतो. तापमानानुसार त्याची वारंवारता त्रिघाती वक्राने बदलते: पंचवीस अंशांच्या आसपास हा वक्र बराच सपाट असतो आणि त्यापासून दूर गेले की तो झपाट्याने वळतो. पुण्याच्या खोलीत बरा वागणारा काउंटर सोलापूरच्या मे महिन्यात, चाळीस अंशांच्या वर, निराळा का वागतो याचे कारण त्या वक्रात आहे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. डिजिटल एक्स्चेंजेस एकमेकांशी जोडायची तर त्यांची घड्याळे जुळलेली असावी लागतात, नाही तर दोन टोकांच्या दरांतील फरक साचत जातो आणि माहितीची एखादी चौकट गळते किंवा दोनदा वाचली जाते. म्हणून अशा जाळ्याच्या मुख्य घड्याळासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.८११ या शिफारशीने शंभर अब्जांत एक इतकी अचूकता मागितली आहे आणि ती सहसा सीझियमने किंवा जीपीएसने मिळवली जाते. हे सांगण्याचा हेतू असा की आपल्या आठ अंकी काउंटरला इतके लागत नाही. त्याचा शेवटचा अंक १० मेगाहर्ट्झवर १ हर्ट्झचा आहे, म्हणजे दशांश एक पीपीएम. अब्जांत एक इतका रेफरन्स मिळाला तरी तो त्या काउंटरपेक्षा शंभर पट चांगला ठरेल. हे उद्दिष्ट आधी कागदावर लिहावे, कारण या छंदात माणूस गरज भागल्यावरही पुढचा दशांश मिळवण्यासाठी पैसे घालत राहतो.

ढोबळ क्रम असा आहे. साधा क्रिस्टल काही दहा पीपीएमपर्यंत चुकतो, तापमान-भरपाई केलेला टीसीएक्सओ एक-दोन पीपीएमच्या आत राहतो आणि ओव्हनमधील ओसीएक्सओ तापमानाच्या फरकाने शंभर दशलक्षांत एक किंवा त्याहून कमी हलतो, पण महिनोन् महिने एका दिशेने सरकत राहतो. जीपीएसने बांधलेला ओसीएक्सओ, ज्याला सगळे जीपीएसडीओ म्हणतात, हे सरकणे थांबवतो. आपल्यासाठी तोच मार्ग योग्य आहे असे माझे मत आहे.

प्रतिसाद २: मापनदुरुस्ती

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, पण जीपीएसडीओचे खर्चिक काम हाती घेण्याआधी पदरचे पैसे न घालता होणारी एक तपासणी करून पाहावी. चीनमधील शान्शी प्रांतातून बीपीएम हे प्रमाणवेळेचे केंद्र २.५, ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करते आणि शॉर्टवेव्ह रिसीव्हर असेल तर रात्री ते आपल्याकडे ऐकू येऊ शकते. जनरेटरचे १० मेगाहर्ट्झ त्यात हलकेच मिसळून ठोके (दोन वारंवारतांच्या फरकाने होणारा आवाजाचा चढउतार) शून्यावर आणले की जनरेटर जवळपास खरा झाला. आयनमंडल वर-खाली होत असल्यामुळे त्या संकेतात हर्ट्झच्या काही दशांशांपासून एक हर्ट्झपर्यंत डॉप्लरचा फरक येऊ शकतो. म्हणून दशांश पीपीएमपुढे या पद्धतीवर विसंबता येत नाही. तरीही काउंटर खोटा की जनरेटर खोटा, हा आपला पहिला प्रश्न एका रात्रीत सुटेल.

रुबिडियमविषयी थोडक्यात सांगतो. ते प्राथमिक मानक नाही. सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर उभी आहे. रुबिडियमच्या कुपीतील वायूच्या दाबावर आणि चुंबकक्षेत्रावर त्याची वारंवारता थोडी अवलंबून असते, त्यामुळे तेही कोणाशी तरी जुळवून घ्यावेच लागते. बाजारात मिळणारे एफई-५६८०ए किंवा एलपीआरओ-१०१ यांसारखे युनिट वर्षानुवर्षे चालून उतरवलेले असतात, त्यांचा दिवा किती झिजला आहे हे बाहेरून कळत नाही आणि ते इतके तापतात की त्यांचा तळ जाड हीटसिंकला लावल्याशिवाय चालवू नयेत. आपल्या स्लॅबखालच्या खोलीत मी ते ठेवणार नाही.

प्रतिसाद ३: पीपीएस

मूळ प्रश्नातील टाइमपल्सचा मुद्दा राहून गेला आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो. निओ-६एम हे जीपीएस मॉड्यूल टाइमपल्सवर १ किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. ७एम आणि एम८ मात्र १० मेगाहर्ट्झपर्यंत देतात. त्या मॉड्यूलच्या आतील घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचे आहे आणि ४८ ला १० ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून ते कधी चार टिकांचा तर कधी पाच टिकांचा आवर्त देते आणि सरासरीने १० मेगाहर्ट्झ साधते. प्रत्येक कडा सुमारे २१ नॅनोसेकंदांनी मागे-पुढे उडते. एक सेकंदाच्या गेटवर मोजणाऱ्या काउंटरला ती सरासरी चालून जाईल. तीच लाट जनरेटरच्या रेफरन्सला दिली तर मात्र त्याच्या पीएलएलमधून (रेफरन्सशी वारंवारता जुळवणाऱ्या मंडलातून) ही थरथर बाहेर येणाऱ्या प्रत्येक संकेतावर उतरेल. ८ मेगाहर्ट्झ मागितले तर ४८ ला पूर्ण भाग जातो आणि लाट बरीच स्वच्छ दिसते, तरीही मॉड्यूल आपली चूक सुधारण्यासाठी अधूनमधून एखादी टिक घालते किंवा गाळते. लहान काळासाठी स्वच्छ ऑसिलेटर आणि मोठ्या काळासाठी जीपीएस, ही वाटणी केल्यावाचून गत्यंतर नाही.

ही वाटणी नेमकी कुठे करायची हे आकड्यांवरून ठरते. निओ-६ च्या माहितीपत्रकाप्रमाणे त्याच्या एक सेकंदी स्पंदाची अनिश्चितता ३० नॅनोसेकंद आरएमएस आहे. एका सेकंदावर पाहिले तर ही चूक अब्जांत तीस इतकी, म्हणजे कोणत्याही बऱ्या ओसीएक्सओपेक्षा पुष्कळ वाईट. हजार सेकंदांवर पाहिले तर तीच चूक अब्जांत ०.०३ एवढी उरते. ओसीएक्सओचे याच्या उलट असते: काही सेकंदांवर तो उत्तम असतो आणि तासांवर हळूहळू भरकटतो. दोन्ही वक्र जिथे छेदतात त्याच्या आसपास लूपचा, म्हणजे जीपीएसकडे पाहून ऑसिलेटर सुधारत राहणाऱ्या नियंत्रणाचा, कालस्थिरांक ठेवावा. घरगुती जुळणीत तो काहीशे ते हजार-दीड हजार सेकंदांमध्ये येतो. घाई करून तो दहा-वीस सेकंदांवर ठेवला तर जीपीएसची थरथर चांगल्या ऑसिलेटरवर लादली जाते आणि मूळ ओसीएक्सओ नुसता होता तोच बरा म्हणायची वेळ येते.

प्रत्यक्ष बांधणीसाठी एटीमेगा३२८ हा मायक्रोकंट्रोलर पुरतो, पण तो त्याच्या स्वतःच्या क्रिस्टलवर चालवू नये. १६ मेगाहर्ट्झवर चालणारा हा चिप बाहेरून येणारे १० मेगाहर्ट्झ थेट मोजू शकत नाही. म्हणून उलटे करावे: ओसीएक्सओचे १० मेगाहर्ट्झ चौकोनी करून त्यालाच घड्याळ म्हणून द्यावेत आणि जीपीएसचा एक सेकंदी स्पंद टायमर-१ च्या इनपुट कॅप्चरला (स्पंद येताच टायमरचा आकडा टिपणाऱ्या पिनेला), म्हणजे अर्दुइनोच्या भाषेत डी८ ला, जोडावा. टायमर १६ बिटांचा आहे. एका सेकंदात एक कोटी टिका म्हणजे १५२ पूर्ण फेऱ्या आणि वर ३८,५२८. लागोपाठच्या दोन कॅप्चरमधील फरक ३८,५२८ आला तर त्या सेकंदात ऑसिलेटर १०० नॅनोसेकंदांच्या आत बरोबर आहे. हे फरक साठवत गेले आणि हजार सेकंदांनी बेरीज एकाने चुकली, तर ऑसिलेटर दहा अब्जांत एकने चुकला आहे. यासाठी वेगळी मोजणीची चिप, डिव्हायडर वा फेज डिटेक्टर काहीही लागत नाही. तयार बोर्डऐवजी सुटा आयसी घेऊन झीरो पीसीबीवर बसवावा आणि १६ मेगाहर्ट्झसाठी लिहिलेल्या बूटलोडरचा सिरियल वेग १० मेगाहर्ट्झवर जुळणार नाही, हे ध्यानात ठेवून प्रोग्राम आयएसपीनेच, म्हणजे चिपच्या प्रोग्रामिंग पिनांतून थेट, चढवावा.

उरतो ऑसिलेटरच्या नियंत्रण पिनेवरचा व्होल्टेज. समजा ० ते ५ व्होल्टमध्ये आपला ओसीएक्सओ एकूण २ हर्ट्झ हलतो. आठ बिटांच्या पीडब्ल्यूएमची (स्पंदाची रुंदी बदलून व्होल्टेज ठरवण्याच्या पद्धतीची) एक पायरी अब्जांत ०.८ ची पडते आणि ती अपुरी आहे. सोळा बिटांची पायरी अब्जांत ०.००३ ची पडते आणि ती भरपूर आहे. टायमर-१ कॅप्चरमध्ये गुंतला असला तरी पंधराव्या मोडमध्ये ओसीआर१ए ला ६५,५३५ ही कमाल मर्यादा देऊन ओसी१बी वर, म्हणजे डी१० वर, सोळा बिटांचा पीडब्ल्यूएम त्याच टायमरमधून काढता येतो. त्याची वारंवारता दीडशे हर्ट्झच्या आसपास असल्याने पुढे लांब कालस्थिरांकाचा आरसी फिल्टर दोन टप्प्यांत द्यावा.

इथे ज्या गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते ती सांगतो. वरच्याच उदाहरणात १ मिलिव्होल्ट म्हणजे अब्जांत ०.०४. साध्या ७८०५ चा व्होल्टेज अंशामागे सुमारे एक मिलिव्होल्ट सरकतो. पहाटे ते दुपार वीस अंशांचा फरक पडला तर वीस मिलिव्होल्ट, म्हणजे अब्जांत ०.८. लूप हे सुधारील खरे, परंतु त्यासाठी त्याला सतत धावपळ करावी लागेल. म्हणून पीडब्ल्यूएमच्या बफरला पुरवठा आरईएफ५०५० सारख्या चांगल्या रेफरन्स आयसीमधून द्यावा. काही ओसीएक्सओ स्वतःच एक स्थिर व्होल्टेज बाहेर देतात. तो मिळत असेल तर उत्तमच.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बीपीएमची तपासणी आधी करीन. कॅप्चरची कल्पना मला पूर्ण पटली. दोन शंका उरल्या आहेत. ओव्हनच मुळात गरम असतो, मग बाहेरच्या उन्हाने त्याला एवढा फरक का पडावा? आणि वीज गेल्यावर पुन्हा सुरू झालेला ऑसिलेटर जुन्याच जागी परत येतो का? शिवाय आपल्या देशाची नाविक ही उपग्रह-दिशादर्शन यंत्रणा असताना केवळ जीपीएसवर अवलंबून राहावे का, हेही जाणून घ्यायला आवडेल.

प्रतिसाद ४: एक्स्चेंजवाला

नाविकचे आधी सांगतो. जुने नाविक उपग्रह एल५ आणि एस या रेडिओ-पट्ट्यांत बोलतात, तर स्वस्त मॉड्यूल फक्त एल१ ऐकतात. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल१ ची सोय झाली आणि त्या उपग्रहावर देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळही आहे. पण वारंवारता बांधण्यासाठी जीपीएस पुरेसे आहे, त्यामुळे केवळ यासाठी महाग रिसीव्हर घेऊ नये.

आता ओव्हन. त्याच्या आतील तापमान साधारण पंचाहत्तर ते पंच्याऐंशी अंशांवर धरलेले असते आणि त्याच्यापाशी फक्त तापवण्याचे साधन आहे, गार करण्याचे नाही. भोवतालचे तापमान जसे ओव्हनच्या जवळ येते तसा हीटर कमी कमी चालतो आणि शेवटी नियंत्रणच सुटते. माहितीपत्रकात कमाल भोवताल बहुधा साठ किंवा सत्तर अंश दिलेला असतो. आपल्या वरच्या खोलीत हवा बेचाळीस अंश, बंद खोक्यात रेग्युलेटर व रिसीव्हरची दोन-तीन वॅट उष्णता आणि भोवती थर्माकोल, एवढे जमले की साठ अंश फार दूर राहत नाहीत. म्हणून आवरणाचा हेतू उष्णता कोंडणे हा नसून बदल सावकाश पोहोचवणे हा असावा. ओसीएक्सओ जाड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर बसवावा, त्यावर डायकास्ट डबा घालावा आणि रेग्युलेटर डब्याच्या बाहेर काढावेत. कूलरचा किंवा पंख्याचा झोत डब्यावर येऊ देऊ नये. झोत चालू-बंद होण्याचा काळ नेमका लूपच्या कालस्थिरांकाजवळ पडतो आणि ते सुधारणे सर्वांत अवघड जाते.

याहून सोपा उपाय म्हणजे रेफरन्स वर ठेवूच नये. तळमजल्यावरील आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न लागणाऱ्या कपाटात तो ठेवावा आणि कोॲक्सने १० मेगाहर्ट्झ वर न्यावेत. पंधरा-वीस मीटर केबलने या वारंवारतेला काही होत नाही. अँटेनाच्या केबलमुळे स्पंद काही दहा नॅनोसेकंदांनी उशिरा येतो खरा, पण तो उशीर कायम तेवढाच असल्याने वारंवारतेत त्याची चूक येत नाही. अचूक वेळ हवी असती तर त्याचा हिशेब करावा लागला असता.

वीज गेल्यावर थंड झालेला क्रिस्टल पुन्हा तापल्यानंतर अगदी जुन्या जागी येत नाही, आणि स्थिरावायला त्याला तास किंवा दिवस लागतात. म्हणून ओसीएक्सओ कायम चालू ठेवावा. १२ व्होल्टचा घेतला तर बॅटरी साडेतेरावरून साडेअकरावर उतरताना त्याला स्थिर १२ व्होल्ट पुरवण्याची पंचाईत होते, ५ व्होल्टचा घेतला तर हा प्रश्नच उरत नाही. संपूर्ण जुळणी अडीचशे मिलिअँपिअर घेत असेल तर ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी अर्ध्याखाली न उतरताही चौदा तास पुरेल.

प्रतिसाद ५: पीपीएस

वरील मजकुराला एक जोड देतो. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की अँटेना काढून ठेवण्याचा मोह होईल आणि तो योग्यच आहे. त्यामुळे प्रोग्राममध्ये होल्डओव्हर आधीपासून हवा: स्पंद थांबला, किंवा रिसीव्हरने स्थान पक्के नसल्याचे कळवले, तर पीडब्ल्यूएमचा आकडा जिथे आहे तिथेच गोठवावा आणि स्पंद परत आल्यावर साठवलेली बेरीज नव्याने सुरू करावी. हे केले नाही तर पहिल्याच चुकीच्या कॅप्चरने लूप ऑसिलेटरला टोकाला नेतो आणि पुन्हा जागेवर यायला अर्धा दिवस जातो. मॉड्यूलवरील लुकलुकणारा दिवा स्थान मिळाल्याचे सांगतो, ऑसिलेटर बांधला गेल्याचे नव्हे. त्यासाठी गेल्या हजार सेकंदांची चूक दाखवणारी एक ओळ एलसीडीवर ठेवावी.

प्रतिसाद ६: उपग्रहप्रेमी

किती अचूकता पुरे, या मर्यादेचा जो मुद्दा सुरुवातीला आला त्याला एक अपवाद नोंदवतो. आपण हौशी रेडिओकडे वळणार असाल तर एस्हेल-२ या उपग्रहावरील क्यूओ-१०० हा ट्रान्सपाँडर (संकेत घेऊन पुन्हा पाठवणारे यंत्र) सोलापुरातून पश्चिम-नैऋत्येला सुमारे तीस अंश उंचीवर येतो आणि १०,४८९ मेगाहर्ट्झच्या पुढे ऐकू येतो. साध्या डिशच्या एलएनबीतील (डिशसमोरच्या रिसीव्हर-डब्यातील) २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ३९० पट होऊन ९,७५० मेगाहर्ट्झ बनतो, म्हणून एक पीपीएमची चूक तिथे जवळपास १० किलोहर्ट्झ होते, तर एका आवाजी संकेताची रुंदी २.७ किलोहर्ट्झ एवढीच असते. आपल्या १० मेगाहर्ट्झवरून २५ मेगाहर्ट्झ तयार करून एलएनबीला दिले की संकेत एका जागी उभा राहतो. तेव्हा रेफरन्सला दोनऐवजी चार आउटपुट काढून ठेवावेत.

जुळे सोलापूरकर

तळमजल्यावर जिन्याखालचे कपाट रिकामे आहे आणि गच्चीच्या कठड्यापासून तिथपर्यंत पाइपातून केबल उतरवता येते. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत पाहीन, ओसीएक्सओ मात्र मागवावा लागेल. शेवटची शंका अशी की बांधून झाल्यावर हा रेफरन्स खरा आहे हे मी कशावरून म्हणावे? माझ्याकडे त्याच्याशी ताडून पाहायला दुसरा नाही.

प्रतिसाद ७: मापनदुरुस्ती

लूपने स्वतःच्याच चुकीचा दाखवलेला आकडा पुरावा मानू नये, कारण लूपचे काम तो आकडा शून्यावर आणणे हेच आहे. दुसरे स्वतंत्र मॉड्यूल, निराळी अँटेना लावून, केवळ तपासणीपुरते घ्यावे. ऑसिलोस्कोप त्याच्या एक सेकंदी स्पंदावर ट्रिगर करावा आणि दुसऱ्या चॅनेलवर आपले १० मेगाहर्ट्झ पाहावेत. लाट काही दहा नॅनोसेकंद डावी-उजवीकडे उडताना दिसेल, ती मॉड्यूलची थरथर आहे आणि तिची चिंता नको. पाहायचे ते एवढेच की लाट एका बाजूला सरकत जाते का. शंभर सेकंदांत एक पूर्ण आवर्त, म्हणजे १०० नॅनोसेकंद सरकली तर चूक अब्जांत एक. एवढ्याच सरकण्याला हजार सेकंद लागले तर दहा अब्जांत एक. सकाळी, भर दुपारी आणि रात्री पडद्याचे छायाचित्र वेळेसह घेऊन ठेवावे. जिन्याखाली ठेवलेला रेफरन्स मे महिन्यातही जागचा हलत नसेल तर तिन्ही छायाचित्रांतील लाटेची सरासरी जागा एकच दिसेल.

काउंटरच्या मागचा स्विच बाह्य रेफरन्सवर टाकल्यावर त्याचा निर्देशक दिवा लागतो का, हेही पाहावे. काही जुन्या काउंटरना पुरेसा व्होल्टेज मिळाला नाही तर ते काहीही न सांगता आतल्या क्रिस्टलवर परत जातात. ७५ ओहमची टीव्हीची केबल वापरली तरी चालेल, मात्र दूरच्या टोकाला ५० किंवा ७५ ओहमचा शेवट एकाच ठिकाणी द्यावा, दोन्ही उपकरणांवर नव्हे. नाही तर व्होल्टेज आणखी उतरून काउंटर तेवढ्यानेच रुसू शकतो.